दत्तकाची मूळ जन्मनोंद

दत्तक गेलेल्या व्यक्तीच्या जन्माची, दत्तकविधानापूर्वी झालेली व जन्मदात्या मातापित्यांचा उल्लेख असलेली अधिकृत नोंद. दत्तकविधान पूर्ण झाल्यावर बहुतेक देशांत दत्तक आईबापांची नावे घातलेला नवा जन्मदाखला दिला जातो. शाळा, पारपत्र, विवाह, वारसा अशा सर्व व्यवहारांत पुढे तोच चालतो. मूळ नोंद मात्र सहसा नष्ट होत नाही. ती निबंधकाच्या कार्यालयात, न्यायालयाच्या दप्तरात किंवा संस्थेच्या कपाटात पडून असते. ही नोंद ज्या व्यक्तीविषयी आहे, त्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर ती पाहण्याचा हक्क असावा की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत चळवळीचा विषय झाला. भारतात, आणि विशेषेकरून महाराष्ट्रात, या प्रश्नाला थोडे निराळे वळण लागले. येथील वाद दाखल्याविषयी कमी व संस्थांच्या ताब्यातील कागदांविषयी अधिक आहे [→ दत्तक].

परंपरागत दत्तक : हिंदू धर्मशास्त्रातील दत्तकविधान हा गुप्त विधी नव्हता, ही गोष्ट प्रथमच ध्यानी घेतली पाहिजे. पुत्र देणारा व घेणारा यांनी तो सर्वांसमक्ष द्यावा-घ्यावा, आप्तजनांस बोलवावे, राजास कळवावे, असा वसिष्ठधर्मसूत्राचा दंडक आहे. दत्तक कोणत्या घरचा आहे हे गावास ठाऊक असे. किंबहुना ते ठाऊक असण्यावरच विधानाची वैधता ठरे. बडोद्याचे तिसरे सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गायकवाडांचे गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले. कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे कागलकर घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली ते दत्तक गेले. दोघांचेही जनक कुल कधी कोणी झाकून ठेवले नाही. ‘द्व्यामुष्यायण’ या दत्तकप्रकारात तर मुलगा दोन्ही पित्यांचा मानला जाई व दोन्ही कुलांत त्याचा वारसा चाले.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याने जनक कुलाशी असलेले संबंध दत्तकाच्या तारखेपासून संपुष्टात आणले. तथापि त्याच अधिनियमाच्या कलम १२ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद ठेवलेला आहे. दत्तक व्यक्ती जनक कुलात राहिली असती, तर जिच्याशी तिचा विवाह निषिद्ध ठरला असता, तिच्याशी दत्तकानंतरही विवाह करता येत नाही. तसेच दत्तकापूर्वी जी मालमत्ता त्या मुलाकडे निहित झाली असेल, ती त्याच्याकडेच राहते. या दोन्ही तरतुदींत दत्तकाला आपले जनक कुल ठाऊक आहे, असे गृहीत धरलेले आहे. जे कुल माहीतच नाही त्यातील निषिद्ध नाती पाळावी कशी, याचे उत्तर अधिनियमात नाही. आणि विधिमंडळापुढे नात्यातले दत्तक होते, अनाथालयातले नव्हते, हे लक्षात घेतल्यास ते नसणे समजण्याजोगे आहे.

गुप्ततेचा उगम : गुप्तता आली ती दुसऱ्या वाटेने. पुनर्विवाहाला बंदी असलेल्या उच्चवर्णीय विधवांना मूल झाल्यास ते मारून टाकणे किंवा स्वतः जीव देणे, एवढेच मार्ग एकोणिसाव्या शतकात उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे येऊन गुपचूप व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, ते ज्या त्या स्त्रीच्या इच्छेवर राहील, असे जाहीर आश्वासन त्यांनी दिले होते. तेथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली असेच गृह निघाले. प्रार्थनासमाजाने चालविलेली ती संस्था वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने प्रसिद्ध झाली.

या गृहांमधील गुप्तता जीव वाचविण्यासाठी होती. दोन जीव वाचत होते, आणि त्या काळी त्याहून मोठा विचार करण्यास कोणास उसंत नव्हती. आश्वासन मातेला दिलेले होते; मूल तेव्हा तान्हे होते. ते तीस वर्षांचे होऊन दारात येईल व आपल्या आईचे नाव विचारील, हा प्रसंग आश्वासन देणाऱ्यांपुढे नव्हता. पुढील शतकभर अनाथालयांनी हाच कित्ता गिरविला. विधवेच्या जागी हळूहळू अविवाहित माता आली, जीव वाचविण्याच्या निकडीची जागा लौकिक सांभाळण्याच्या निकडीने घेतली. गुप्ततेचा नियम मात्र तसाच राहिला. फुल्यांनी यशवंताच्या जन्माची कथा लपविली नाही, ही गोष्ट या संदर्भात पुष्कळदा विसरली जाते.

संस्थागत दत्तक व त्याची कागदपत्रे : मुंबई, पुणे व नागपूर येथील संस्थांतून अनोळखी कुटुंबांत मुले देण्याची पद्धत १९६० नंतर रूढ झाली. पुण्यातील ससून रुग्णालयाशी संलग्न असलेली ‘सोफोश’ ही संस्था १९६४ साली व भारतीय समाज सेवा केंद्र ही १९७९ साली स्थापन झाली. हिंदूंखेरीज इतरांना दत्तकाचा कायदा नसल्यामुळे ख्रिस्ती, मुसलमान, पारशी पालकांना, तसेच परदेशी दांपत्यांना, पालक व पाल्य अधिनियम, १८९० याखाली केवळ पालकत्व मिळे. परदेशी दांपत्य मुंबई उच्च न्यायालयाकडून किंवा जिल्हा न्यायालयाकडून मुलाचे पालकत्व घेई, मूल पाल्य म्हणून देशाबाहेर जाई आणि दत्तकाचा आदेश स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदर्लंड्स, अमेरिका अशा देशांतील न्यायालयात होई. त्यामुळे एकाच मुलाचे कागद दोन देशांत विभागले गेले.

अशा मुलाविषयी कोणकोणते कागद असू शकतात, हे सांगणे उपयुक्त ठरेल. कारण ‘मूळ जन्मदाखला’ या एका शब्दाने भारतातील परिस्थितीचा बोध होत नाही. आईने मूल स्वेच्छेने सोपविले असेल, तर तिच्या सहीचे किंवा अंगठ्याचे समर्पणपत्र असते. मूल रुग्णालयात जन्मले असेल, तर प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत आईचे नाव, वय व पत्ता असतो; मात्र भीतीपोटी दिलेले नाव बऱ्याचदा खोटे असते. मूल रस्त्यात, देवळात किंवा रेल्वे स्थानकात सापडले असेल, तर पोलिसांचा पंचनामा व ठाण्याचे पत्र असते. संस्थेच्या प्रवेशपुस्तकात आगमनाची तारीख, वजन, अंगावरचे कपडे, कोणी आणले याची टीप आणि संस्थेने ठेवलेले नाव मिळते. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने ठरविली जाते. तीच पुढे आयुष्यभर वाढदिवस ठरते. पालकत्वाच्या याचिकेला यांपैकी काही कागद जोडलेले असत. म्हणून न्यायालयाच्या अभिलेखकक्षातही शोधाचा एक धागा असतो, आणि संस्थेने कपाट उघडण्यास नकार दिल्यावर हाच धागा काहींच्या उपयोगी पडला आहे.

लक्ष्मीकांत पांडे प्रकरण : परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्या पत्रासच याचिका मानून न्या. प. न. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. परदेशी दत्तकाची रीतसर कार्यपद्धती भारतात या निकालाने प्रथम घालून दिली गेली. १९९० साली स्थापन झालेले केंद्रीय दत्तक संसाधन अभिकरण (आजचे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, संक्षेपाने ‘कारा’) याच निकालातून उद्भवले. जन्मदात्यांना दत्तक पालकांचा पत्ता लागू नये, यासाठी याचिकेची सूचना वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करू नये, असे न्यायालयाने म्हटले. मुलाच्या बाजूनेही त्यात विचार आहे. प्रौढ झाल्यावर मुलाने जन्मदात्यांविषयी विचारणा केल्यास ती माहिती देण्यास गंभीर हरकत दिसत नाही, कारण त्या वयात तिचा अनिष्ट परिणाम होण्याचा संभव कमी, असे मत न्यायालयाने नोंदविले. परंतु ती द्यावी की न द्यावी हे दत्तक पालकांच्या विवेकावर सोपविले.

येथेच मेख आहे. सज्ञान व्यक्तीच्या जन्मकथेची किल्ली न्यायालयाने दुसऱ्या सज्ञान व्यक्तींच्या हाती दिली. दत्तक पालक हयात नसतील, त्यांच्यापाशी माहितीच नसेल, किंवा त्यांनी मुलाला दत्तकाची गोष्टच सांगितली नसेल, तर काय करावे, याविषयी निकाल काही सांगत नाही. १९८४ च्या मानाने हे पाऊल पुढचेच होते, हे मान्य केले पाहिजे.

शोध व चळवळ : १९७० ते १९८० या दशकात महाराष्ट्रातून परदेशी गेलेली मुले विसाव्या शतकाच्या अखेरीस सज्ञान झाली आणि परत येऊन संस्थांची दारे ठोठावू लागली. १९७३ साली पुण्यातील एका संस्थेतून जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांचे प्रकरण त्यांपैकी सर्वाधिक गाजले. संस्थेतील आपल्या कागदांसाठी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दीर्घ लढ्यानंतर २०१० साली ते जन्मदात्रीपर्यंत पोहोचले. त्यांनी व पुण्यातील कार्यकर्त्या अंजली पवार यांनी नंतर इतर दत्तकांच्या शोधाचे काम हाती घेतले. मूल देताना आईची खरोखर संमती होती काय, हा प्रश्न या शोधांमधून पुढे आला. कागदांवर ‘बेवारस’ म्हणून नोंदलेल्या मुलाची आई प्रत्यक्षात ठाऊक होती, असेही काही प्रकरणांत दिसून आले. मूळ कागद पाहण्याची मागणी ही केवळ भावनिक ओढ नसून दत्तक कायदेशीर होते की नाही, हे तपासण्याचेही ते साधन आहे, हा मुद्दा त्यामुळे ठळक झाला. स्वित्झर्लंडमधील झुरिक व थुर्गाऊ या प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून तेथे आलेल्या मुलांच्या कागदांचा अभ्यास करविला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मातेच्या संमतीचे कागदच नसल्याचे निदर्शनास आणलेले आहे.

भारत १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत सामील झाला. तिच्या सातव्या अनुच्छेदात शक्य तेथवर आपले आईबाप जाणण्याचा मुलाचा हक्क मान्य केलेला आहे. परदेशी दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये अनुसमर्थित केला. त्याच्या तिसाव्या अनुच्छेदान्वये मुलाच्या मूळाविषयीची माहिती जतन करणे व देशाचा कायदा परवानगी देईल तेथवर, योग्य मार्गदर्शनासह, ती मुलास उपलब्ध करणे बंधनकारक आहे. ‘देशाचा कायदा परवानगी देईल तेथवर’ हे शब्द निरुपद्रवी दिसले, तरी सारे वाद त्यांतच दडलेले आहेत.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याखाली केलेल्या २०१७ च्या दत्तक विनियमांत ‘मूळशोध’ या विषयाची स्वतंत्र तरतूद आहे; २०२२ च्या विनियमांतही ती कायम आहे. तिचा आशय असा : अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः, व त्याखालील मूल दत्तक पालकांसह, अर्ज करू शकते. संबंधित संस्था व अधिकारी यांनी शोधास साहाय्य करावयाचे असते. मूल सोपविताना आईबापांनी नाव गुप्त ठेवण्याची मागणी केली असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिल्यास किंवा त्यांचा पत्ता न लागल्यास, मूल कोणत्या कारणाने व परिस्थितीत सोपविले गेले एवढे दत्तकास सांगितले जाते. त्रयस्थ व्यक्तीस असा शोध घेता येत नाही. जन्मदात्यांच्या खाजगीपणाच्या हक्काला बाध येऊ नये, अशीही मर्यादा घातलेली आहे.

यांपैकी त्रयस्थाविषयीचे कलम सर्वांत वादग्रस्त ठरले. झुरिक किंवा स्टॉकहोम येथे राहणारी, मराठी न जाणणारी व्यक्ती रजेच्या तीन आठवड्यांत संस्था, पोलीस ठाणे, रुग्णालय व खेडेगाव या सर्वांचा शोध घेईल, अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे. तिने स्थानिक कार्यकर्त्यास मुखत्यारपत्र दिले, तर तो मुखत्यार त्रयस्थ समजावा काय, असा वाद उपस्थित झाला. मुखत्यारास त्रयस्थ ठरविणे प्रस्तुत लेखकास कायद्याच्या सामान्य तत्त्वांशी विसंगत वाटते. उलटपक्षी, पैसे घेऊन खेड्यात जाऊन चारचौघांत एखाद्या स्त्रीच्या पूर्वायुष्याची चौकशी करणारे हौशी शोधकही आढळतात, आणि कलमामागील भीती निराधार म्हणता येत नाही.

इतर देश : इंग्लंडमध्ये १९२६ साली दत्तकाचा पहिला कायदा झाला. स्कॉटलंडमध्ये १९३० पासूनच सतरा वर्षांवरील दत्तकास मूळ नोंद पाहता येत असे. इंग्लंड व वेल्स येथे हा हक्क बाल अधिनियम, १९७५ याने अठरा वर्षांवरील व्यक्तीस पूर्वलक्षी प्रभावाने दिला. त्या कायद्यापूर्वी दत्तक गेलेल्यांना आधी समुपदेशकास भेटणे आवश्यक ठेवले होते, कारण त्यांच्या मातांना गुप्ततेची ग्वाही दिलेली होती. जुन्या संघर्षातून काढलेली ही वाट इतरांसही अनुकरणीय ठरली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८४ साली व न्यूझीलंडने १९८५ साली तसेच कायदे केले. आयर्लंडने मात्र २०२२ पर्यंत वेळ घेतला.

अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मूळ जन्मदाखले मोहोरबंद करण्यात आले. कॅन्सस व अलास्का ही राज्ये याला अपवाद. स्वतः दत्तक असलेल्या जीन पेटन यांनी १९५० नंतरच्या दशकात या पद्धतीविरुद्ध प्रथम आवाज उठविला. फ्लॉरेन्स फिशर यांची संघटना १९७१ साली निघाली. १९७६ मध्ये मूल देऊन टाकलेल्या मातांनीच आपली संघटना काढली आणि गुप्तता आपण मागितली नव्हती, ती आपल्यावर लादली गेली, असे जाहीरपणे सांगितले. मातांच्या नावाने बोलणाऱ्या इतरांना हे अडचणीचे झाले. ऑरेगन राज्यात १९९८ साली हा प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला व त्यांनी दत्तकांच्या बाजूने कौल दिला. काही मातांनी निनावी दावे लावल्यामुळे कायद्याचा अंमल २००० मध्ये सुरू झाला. न्यूयॉर्क राज्याने जानेवारी २०२० मध्ये दाखले खुले केले.

फ्रान्सची रीत अगदी भिन्न आहे. तेथे स्त्रीला नाव न सांगता रुग्णालयात बाळंत होण्याचा कायदेशीर हक्क आहे. पंढरपूरच्या गृहाशी त्याचे साम्य सहज ध्यानात येते. २००२ साली तेथे एक राष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले. ते मातेला गाठून, नाव उघड करण्यास तिची तयारी आहे काय, असे विचारते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००३ मध्ये ओदिएव्ह्र प्रकरणात ही व्यवस्था बहुमताने ग्राह्य ठरविली. भारतीय विनियमांची धाटणी इंग्लंडपेक्षा या फ्रेंच व्यवस्थेला जवळची आहे.

जन्मनोंदणीचा कायदा : भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ लागू असून महाराष्ट्रात त्याचा अंमल १ एप्रिल १९७० पासून झाला. तत्पूर्वी गावातील जन्ममृत्यूंची नोंद गाव नमुना क्र. १४ मध्ये, म्हणजे लोकभाषेत ‘कोतवाल बुका’त, होत असे. जातीच्या दाखल्यांसाठी हल्ली ही जुनी बुके मोठ्या आस्थेने धुंडाळली जातात, हे वाचकांस ठाऊक असेलच. १९६९ च्या अधिनियमाच्या दोन कलमांकडे दत्तकाच्या दृष्टीने सहसा लक्ष जात नाही. कलम १५ प्रमाणे नोंदीतील दुरुस्ती किंवा नोंद रद्द करणे हे समासात टीप लिहून करावयाचे असते. मूळ मजकुरास हात लावावयाचा नसतो. कलम १७ प्रमाणे कोणाही व्यक्तीस नोंदवहीत शोध घेण्याची व उतारा मिळविण्याची मुभा आहे. अमेरिकेतल्याप्रमाणे मूळ नोंद मोहोरबंद करण्याची सार्वत्रिक तरतूद या अधिनियमात नाही.

मग अडचण कोठे आहे? नोंद पाहण्यासाठी गाव, तारीख व आईचे नाव हवे, आणि दत्तकापाशी नेमके तेच नसते. जे शोधावयाचे, तेच शोधाच्या अर्जात भरावे लागते. ते फक्त संस्थेच्या किंवा न्यायालयाच्या कागदांत असते, म्हणून ते कागद हाच भारतात कळीचा मुद्दा ठरतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, १९७८ साली मुंबईतील एखाद्या संस्थेत आलेल्या मुलीच्या प्रवेशपुस्तकात आईच्या गावाच्या रकान्यात ‘दांडी’ एवढाच शब्द आहे. दांडी नावाची ठिकाणे एकाहून अधिक. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत नवसारीजवळ आहे. मालवणच्या किनाऱ्यावर एक दांडी आहे. आणि पालघर तालुक्यात तारापूर-बोईसरच्या बाजूला, उच्छेळी व नवापूर यांच्या शेजारी मच्छीमारांचे दांडी गाव आहे. परदेशातील कागदांत हे नाव रोमन लिपीतून उतरल्याने त्याचा उच्चार ‘डँडी’ होऊन बसतो. पालघरची दांडी असे ठरले, तरी १९७८ मध्ये हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यामुळे त्या काळचे जिल्हा पातळीवरील दप्तर ठाण्यास शोधावे लागते. मूल गावीच जन्मले असल्यास नोंद ग्रामपंचायतीत, बोईसर किंवा पालघरच्या दवाखान्यात जन्मले असल्यास त्या ठिकाणच्या निबंधकाकडे, आणि मुंबईस जन्मले असल्यास महानगरपालिकेकडे असते. नोंदणी जन्मस्थळी होते, आईच्या गावी नव्हे. लपून बाळंत होणारी स्त्री आपल्या गावापासून शक्य तितकी दूर जाते. तेव्हा दांडीच्या नोंदवहीत ते मूल सापडण्याची आशा थोडीच. तेथे सापडू शकेल ती आई किंवा तिची भावंडे, आणि त्यासाठी विचारावे लागते ते माणसांना.

खरा पेच येथे सुरू होतो. किनाऱ्यावरील लहान गावात अनोळखी माणूस चौकशीस आला की तासाभरात सर्वांना ठाऊक होते. चाळीस वर्षांपूर्वी मूल देऊन टाकलेली स्त्री आता सुना-नातवंडांत असते आणि नवऱ्याला ती गोष्ट ठाऊक असतेच असे नाही. तिची बदनामी करून मिळविलेले तिचे नाव मुलीसही लाभत नाही. दुसऱ्या बाजूने, तीच स्त्री चाळीस वर्षे त्या मुलीचा विचार करीत असण्याचाही तितकाच संभव असतो; पण तिला शोधण्याचा कोणताच अधिकार कायद्याने दिलेला नाही. मूळशोधाचा अर्ज फक्त दत्तकच करू शकतो. आईला निदान ‘माझा पत्ता विचारीत कोणी आल्यास द्यावा’ असे लिहून ठेवण्याची सोय प्रत्येक संस्थेत असावी, ही सूचना फार खर्चाची नाही. इंग्लंडमध्ये अशा इच्छांची शासकीय नोंदवहीच ठेवलेली आहे.

अविवाहित मातेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिलेला निकाल (अबक विरुद्ध राज्य, दिल्ली) या संदर्भात उद्बोधक आहे. पालकत्वाच्या अर्जात पित्याचे नाव सांगण्याची सक्ती अविवाहित मातेवर करता येणार नाही आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावरून मुलाचा जन्मदाखला दिला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र मुलाला आपला पिता जाणण्याचा हक्क आहे, हे सांगून न्यायमूर्तींनी मातेशी बंद दाराआड बोलणे केले. तिने दिलेले पित्याचे नाव व तपशील पाकिटात मोहोरबंद करून न्यायालयाच्या आदेशाखेरीज ते उघडू नये, असे सांगितले. आईचा खाजगीपणा व मुलाचा हक्क हे दोन्ही एकाच पाकिटात ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. दत्तकसंस्थांच्या कागदांना अशी मोहोर व ती फोडण्याची अशी ठरलेली रीत मिळाली असती, तर बरेच तंटे टळले असते.

मूळ माहितीचा उपयोग केवळ भेटीगाठींपुरता नाही. आनुवंशिक रोगांचा इतिहास विचारणाऱ्या डॉक्टरांपुढे दत्तक व्यक्ती निरुत्तर होते; सिकलपेशी आजार व थॅलसीमिया यांबाबत महाराष्ट्रात ही अडचण विशेष जाणवते. घरबसल्या करता येणाऱ्या जनुकचाचण्यांमुळे पाश्चात्त्य देशांत गुप्तता पुष्कळ अंशी निरर्थक झाली आहे, कारण चुलत भावंड चाचणीत सापडले की आईपर्यंत पोहोचणे फार अवघड राहत नाही. भारतात अशा चाचण्या करणारे अद्याप थोडे असल्याने कागदांचे महत्त्व टिकून आहे.

अलीकडील बदल : बाल न्याय अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. मूल सोपविणाऱ्या आईबापांना निर्णय फिरविण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते आणि समर्पणपत्र बालकल्याण समितीपुढे करावे लागते, त्यामुळे नव्या प्रकरणांत संमतीचा कागद असतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, दत्तक, अनाथ, सोपविलेली मुले व एकल माता यांच्या संदर्भात जन्माची खबर कोणी द्यावी हे प्रथमच स्पष्ट केले. आज दत्तक जाणाऱ्या मुलाची माहिती ‘कारा’च्या संगणकीय प्रणालीत साठविली जाते, तिला वाळवी लागण्याचे भय नाही.

जुन्या प्रवेशपुस्तकांची स्थिती तशी नाही. १९६० ते १९९० या काळात मुले देणाऱ्या संस्थांपैकी काही बंद पडल्या, काहींनी जागा बदलल्या, काहींचे परवाने रद्द झाले. त्यांची दप्तरे कोणाकडे जावीत व कोणी सांभाळावीत याची एकच एक व्यवस्था राज्यात नाही. त्या पुस्तकांत ज्यांच्या नोंदी आहेत, त्यांतील सर्वांत लहान व्यक्तीही आता पस्तिशीच्या आसपास आहे. ज्या मातांचे अंगठे त्यांत आहेत, त्यांतील पुष्कळ जणी साठीच्या पुढे गेल्या आहेत. ही पुस्तके राज्य अभिलेखागाराकडे सुपूर्द करून त्यांच्या छायाप्रती काढाव्यात आणि त्या पाहण्याचे नियम नंतर हवे तितके कडक ठेवावेत, अशी शिफारस या विषयातील जाणकारांकडून केली जाते.